लाल निकाल नेमका कुणाचा? नाशिकच्या सामायिक हार्डवेअर चाचणी लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या चार पक्षांनी मिळून लिनक्सच्या नव्या आवृत्त्या खऱ्या बोर्डांवर आपोआप तपासणारी एक लॅब उभारली, त्याची ही हकीकत. सातपूरमधली एक छोटी कंपनी द्राक्षबागांसाठी ठिबकचे आणि खत सोडण्याचे कंट्रोलर बनवते. अंबडमधली दुसरी कंपनी कारखान्यांतल्या वीजमीटरचं रीडिंग गोळा करणारा गेटवे बनवते. तिसरा पक्ष म्हणजे शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. चौथे दोघे स्वतंत्र अभियंते, जे स्वतःच्या हौसेने लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि योक्टो (छोट्या यंत्रांसाठी लिनक्स बांधायची साधनं) यांत पॅच, म्हणजे छोटे बदल, पाठवतात. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसा ठेवला आहे.

दोन्ही कंपन्यांची उत्पादनं लिनक्सवर चालतात. कंट्रोलरमध्ये कंपनीने स्वतः आखलेला आय.एमएक्स६यूएलएल चिपचा बोर्ड आहे आणि गेटवेमध्ये बीगलबोन ब्लॅक या तयार मिळणाऱ्या बोर्डावरून बेतलेला एएम३३५एक्स चिपचा. दोघांकडे कर्नल ५.१० होता. एकदा चालू झालेल्या यंत्राला हात लावायचा नाही, हा दोन्हीकडचा अलिखित नियम. त्याला कारणही होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या बागांत कंट्रोलर बंद पडला तर माणूस मोटरसायकलवर पाठवावा लागतो. अशा दिवसांत शेतकरी ‘अपडेट केलं होतं’ हे कारण ऐकून घेत नाही.

नियम मोडावा लागला तो गेटवेवाल्यांमुळे. त्यांच्या युरोपातल्या एका ग्राहकाने सुरक्षा-दुरुस्त्या किती दिवसांत देता, असं लेखी विचारलं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातली मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. त्यामुळे हा प्रश्न नंतर बघू म्हणून सोडता येणारा नव्हता. कर्नल ६.६ वर जायचं आणि पुढे तिची प्रत्येक स्थिर आवृत्ती (फक्त दुरुस्त्या असलेली) घेत राहायचं ठरलं. तेवढ्या वेळा हाताने चाचणी करायला मात्र दोन्हीकडे माणूसबळ नव्हतं.

अडचण

बोर्ड टेबलावर ठेवून, त्याचे संदेश वाचायला सिरियल केबल लावून, लॉगिन आलं की ‘चालतंय’ म्हणायचं, अशी चाचणी दोघांकडेही होती. त्यात तीन गोष्टी सुटतात: दहा वेळा वीज घालवून आणल्यावर काय होतं, आरएस-४८५ वर (एकाच तारेवर आळीपाळीने बोलणारी औद्योगिक जोडणी) खरा भार आल्यावर काय होतं, आणि मागच्या महिन्यात चालणारं आज का चालत नाही.

महाविद्यालयाकडे जागा, इन्व्हर्टर आणि विद्यार्थी होते, पण चाचणी करण्याजोगं खरं काम नव्हतं. स्वतंत्र अभियंत्यांची गरज वेगळी होती. कर्नलच्या स्थिर शाखेची आवृत्ती निघण्याआधी तिचे पॅच तपासायला खुले होतात आणि त्यासाठी साधारण ४८ तास मिळतात. त्या मुदतीत खऱ्या बोर्डावर चालवून ‘आमच्याकडे चाललं’ किंवा ‘मोडलं’ असं कळवणारे लोक हवे असतात. जुन्या, स्वस्त, औद्योगिक बोर्डांवर तपासणारे कमीच.

म्हणजे ज्याच्याकडे बोर्ड होते त्याच्याकडे वेळ नव्हता, वेळ होता त्याच्याकडे बोर्ड नव्हते. एकत्र येण्याची कल्पना यातूनच आली. त्यात हुशारी कसली नव्हती, हिशोब होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय, फक्त क्यूइएमयूवर, म्हणजे संगणकातच बोर्डाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चाचणी. खर्च शून्य, विद्यार्थी घरूनही करू शकतात. पण क्यूइएमयूत व्होल्टेज पडत नाही, ईथरनेटची फाय चिप (तारेवरचे सिग्नल सांभाळणारी) रुसत नाही आणि आरएस-४८५ची दिशा चुकत नाही. तो पर्याय टाकून दिला नाही, पहिली चाळणी म्हणून ठेवला: क्यूइएमयूत बूट न होणारा कर्नल बोर्डापर्यंत पोचूच द्यायचा नाही. खऱ्या बोर्डांचा बराच वेळ या एका नियमाने वाचतो.

दुसरा, प्रत्येकाने आपापल्या जागी बोर्ड ठेवायचे आणि एकाच सर्व्हरला जोडायचे. कर्नलसीआय हा प्रकल्प असाच चालतो. तो २०१४च्या सुमारास सुरू झाला आणि २०१९ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. त्याच्या लॅब निरनिराळ्या संस्थांच्या जागेत असतात. मध्यवर्ती यंत्रणा कर्नल बांधते, निकाल गोळा करते, बोर्ड मालकाच्याच टेबलावर राहतो.

तिसरा, सगळे बोर्ड महाविद्यालयाच्या एका खोलीत. एकच वायरिंग, एकच इन्व्हर्टर, देखभालीला विद्यार्थी.

तिसरा निवडला. कारण सरळ होतं, तिन्ही ठिकाणी लॅब उभी करण्याइतका अनुभव कुणाकडे नव्हता. निर्णय त्या वेळी योग्यच होता. पुढे तो अर्धा फिरवावा लागला, त्याची हकीकत पुढे येईल.

सॉफ्टवेअरबाबतही तीन वाटा होत्या. एका विद्यार्थ्याने आधीच शेल आणि एक्स्पेक्टमध्ये स्क्रिप्ट लिहिली होती. एका बोर्डाला ती उत्तम चालायची, पाचव्या बोर्डाला कोण कोणाची सिरियल वाचतंय हेच कळेना. पेंग्युट्रॉनिक्सने बनवलेलं लॅबग्रिड माणसाने बसून दुरून बोर्ड वापरण्यासाठी फार सोयीचं आहे. लिनारोमधून आलेलं लाव्हा मात्र रांग लावतं, रात्रभर एकामागून एक कामं चालवतं आणि निकाल साठवतं. लाव्हा घेतलं. त्यात एक फायदा असा की त्याचा वर्कर, म्हणजे बोर्ड ज्याला जोडलेले असतात तो संगणक, स्वतःच सर्व्हरकडे एचटीटीपीने काम मागायला जातो. महाविद्यालयाच्या फायरवॉलमधून आत येणारी कोणतीच जोडणी मिळत नाही, हे माहीत असल्याने हा मुद्दा निर्णायक ठरला.

उभारणी

एकूण १४ बोर्ड: ४ बीगलबोन ब्लॅक, ३ रास्पबेरी पाय ३, २ रास्पबेरी पाय ४, ३ कंट्रोलर बोर्ड, २ गेटवे बोर्ड. वर्कर म्हणून ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड. १६ पोर्टचा साधा स्विच. आठ चॅनेलचे दोन यूएसबी रिले बोर्ड. ५ व्होल्ट २० अँपिअरचा एक एसएमपीएस (वीजपुरवठा), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा दुसरा. प्रत्येक बोर्डाला ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज.

रिले डीसी बाजूला लावले. प्रत्येक बोर्डाचा अॅडॉप्टर २३० व्होल्टच्या बाजूने तोडण्याचा मोह होतो, कारण वायरिंग सोपं दिसतं. पण अॅडॉप्टरमधले कपॅसिटर वीज गेल्यावरही काही वेळ बोर्डाला पाजत राहतात, आणि विद्यार्थी हात घालतात त्या जागी २३० व्होल्ट नकोच. वायर रिलेच्या ‘नॉर्मली ओपन’ टोकाला जोडली. वर्कर बंद असेल तर सगळे बोर्ड बंद. वीज परत आली की १४ बोर्ड एकदम उठून एसएमपीएसला धक्का देत नाहीत, सर्व्हर सांगेल तसे एकेक उठतात.

कर्नल सुरू करून देणारा यू-बूट हा प्रोग्रॅम बोर्डावर कायम, आणि कर्नल, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे याची यादी), रूट फाइल सिस्टिम दर वेळी नेटवर्कवरून, टीएफटीपी आणि एनएफएसने. चाचणीच्या कामाने यू-बूटवर काही लिहायचं नाही, हा नियम पहिल्याच आठवड्यात केला, कारण पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं. यू-बूट बिघडलं की बीगलबोन ब्लॅक एसडी कार्डावरून उठवायला एस२ बटण दाबून धरून वीज द्यावी लागते. दुरून ते बटण कोण दाबणार?

वर्करच्या दुसऱ्या नेटवर्क कार्डावर लॅबचं वेगळं जाळं केलं आणि तिथेच बोर्डांना नेटवर्कचे पत्ते वाटणारं डीएनएसमास्क चालवलं. सुरुवातीला हे केलं नव्हतं; बोर्ड महाविद्यालयाच्या जाळ्यावरच होते. एकाच जाळ्यावर पत्ते वाटणारे दोन डीएचसीपी सर्व्हर आले आणि काही बोर्डांना बूट फाइलचा पत्ता मिळेना. उलट दिशेनेही त्रास झाला असता, शेजारच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांना आपला पत्ता मिळाला असता. ते व्हायच्या आत वेगळं केलं, हे नशीब.

कंट्रोलर बोर्डांनी इथे आणखी एक गंमत दाखवली. त्यांच्या चिपमध्ये मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची कायमची ओळख, नोंदवलेलाच नव्हता, त्यामुळे यू-बूट दर बूटला नवा मॅक पत्ता तयार करायचं. रात्रभरात डीएचसीपीचे सगळे पत्ते संपले. कंपनीने तिन्ही बोर्डांत पत्ता नोंदवून दिला. उत्पादनातही तो नसतो, हे त्यांना याच निमित्ताने उमगलं.

पहिले तीन आठवडे: सगळं लाल

लॅब सुरू झाली आणि दहातले सात-आठ निकाल लाल यायला लागले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी एकच संदेश, ‘सर, सात नंबर परत गेला.’ कंपन्यांचे लोक हळूहळू निकाल बघेनासे झाले. असा उपक्रम मरतो तो इथेच. सर्व्हर बंद पडून नव्हे, तर लाल रंगाकडे बघायची सवय सुटून.

मग तीन आठवड्यांच्या सगळ्या लाल निकालांचे लॉग दोघांनी बसून हाताने वाचले. दोन दिवस लागले. कर्नलचा दोष त्यात जवळपास नव्हताच. जे सापडलं ते असं.

सीपी२१०२ चिपचे स्वस्त यूएसबी-सिरियल अॅडॉप्टर घेतले होते, त्या सगळ्यांचा अनुक्रमांक एकच, ०००१. कोणतं उपकरण कोणतं हे लिनक्सला सांगणारे यूडेव्हचे नियम अनुक्रमांकावर लिहिलेले. वर्कर रीस्टार्ट झाला की कोणता अॅडॉप्टर कोणत्या बोर्डाचा हे नशिबावर, आणि मग बोर्ड पाचची वीज तोडून बोर्ड नऊची सिरियल वाचली जायची. उपाय म्हणून नियम अनुक्रमांकाऐवजी यूएसबीच्या भौतिक मार्गावर, म्हणजे कोणत्या हबच्या कोणत्या पोर्टवर आहे यावर लिहिले आणि हबच्या प्रत्येक पोर्टवर रंगाने आकडा लिहिला. सीएच३४०च्या अॅडॉप्टरना तर सहसा अनुक्रमांकच नसतो. अस्सल एफटी२३२आर घेतले तर हा त्रास होत नाही, पण ते महाग, आणि बाजारात अस्सल ओळखणं हे वेगळंच काम.

रास्पबेरी पाय ४चे बोर्ड चालता चालता अडखळून रीस्टार्ट व्हायचे. एसएमपीएसवर मल्टिमीटर ५.०२ दाखवत होता, म्हणून वीज ठीक आहे असं धरलं गेलं. मोजायचं होतं ते बोर्डाच्या पिनवर. वायर वापरली होती २४ गेजची, दीड मीटर जायला, दीड यायला. तीन मीटरचा रोध ०.२५ ओहमच्या आसपास; २ अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट वायरीतच. बोर्डापर्यंत साडेचार व्होल्ट पोचत होते आणि पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कमी दाबाची नोंद करतो. ती ओळ कर्नलच्या लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून होती, कुणी वाचली नाही. १.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली, एसएमपीएसचा स्क्रू फिरवून ५.१५ केले. पायचा प्रश्न तिथे मिटला.

तिसरं कारण सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कंट्रोलर बोर्डाची वीज रिलेने तोडली, दहा सेकंद थांबून परत दिली, तरी कधी कधी तो यू-बूटमध्येच लटकायचा. हाताने प्लग काढून लावला की चालायचा. अर्थात प्लग काढताना माणूस सिरियलची केबलही काढत होता! रिले बंद असताना बोर्डाची ३.३ व्होल्टची रेल (वीजवाहिनी) मोजली तर शून्य नव्हती, एक व्होल्टच्या वर होती. सिरियल अॅडॉप्टरची टीएक्स (पाठवणारी) तार निष्क्रिय असताना ३.३ व्होल्टवर असते. तिथून चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून बोर्डाला मागच्या दाराने वीज मिळत होती. बोर्ड धड बंद होत नव्हता, म्हणून धड रीसेटही होत नव्हता. बीगलबोन ब्लॅकवर सिरियलच्या वाटेवर बफर आहे, त्यामुळे तिथे हे झालं नाही. कंपनीने स्वतःच्या आखणीत चार पैसे वाचवायला तो गाळला होता.

आधी मालिकेत १ किलोओहमचा रोध टाकून पाहिला. व्होल्टेज उतरलं पण शून्य झालं नाही. शेवटी एलव्हीसी मालिकेतला, वीज नसताना पिना मोकळ्या सोडणारा बफर एका छोट्या झीरो पीसीबीवर लावला आणि त्याला बोर्डाच्याच ३.३ व्होल्टवर चालवलं. बोर्डाच्या आरएक्स (घेणाऱ्या) पिनेला १० किलोओहमचा पुल-अपही दिला, म्हणजे ती पिन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रोध, नाहीतर हब रीसेट झाला की तरंगत्या तारेवरचे खोटे सिग्नल यू-बूटला कळ दाबल्यासारखे वाटतात आणि ते प्रॉम्प्टवर थांबून बसतं. बोर्डाच्या यूएसबी ओटीजी पोर्टाची केबल जोडलेली असेल तर तिच्यातूनही ५ व्होल्ट असेच घुसतात. ती केबल ज्यांना खरंच हवी त्याच बोर्डांना ठेवली.

निर्णयाची पहिली जागा: पुन्हा प्रयत्न करावा का?

वरची कारणं सापडण्याच्या मधल्या काळात एक सोपा मार्ग घेतला होता. लाव्हाच्या बूट टप्प्याला अपयश आल्यास तीन वेळा पुन्हा प्रयत्न करायला सांगता येतं. तसं सांगितलं, आणि एका रात्रीत बहुतेक निकाल हिरवे झाले. सगळे खूश.

आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय हाच. पाच वेळांत एकदा लटकणारा बोर्ड तीन संधी मिळाल्या की जवळजवळ नेहमीच हिरवा दिसतो. मग दोष बफरचा असो की नव्या कर्नलचा, तो झाकला जातो. आणि ज्या दोषासाठी लॅब उभारली, तो नेमका या जातीचाच असतो. कंट्रोलर कंपनीच्या इंजिनिअरने एक प्रश्न विचारला आणि चर्चा संपली: बागेत कंट्रोलरला तीन संधी कोण देणार?

पुनर्प्रयत्न बंद केला. त्याऐवजी लाव्हाची हेल्थ चेक वापरली. हे एक ठरलेलं, चालणारं म्हणून माहीत असलेलं कर्नल आणि छोटी चाचणी. लाव्हा मुळात ती २४ तासांनी चालवतं, पण कामांच्या संख्येवरही लावता येते. दर १० कामांनंतर लावली. ओळखीचं कर्नलही बोर्डावर उठलं नाही तर दोष लॅबचा; लाव्हा तो बोर्ड ‘बॅड’ ठरवतं आणि त्याला नवं काम देत नाही. ओळखीचं उठलं आणि नवं उठलं नाही, तर आता कर्नलवर संशय घ्यायला जागा आहे. अपयशाचा प्रकार लाव्हा स्वतःही नोंदवतं, पायाभूत सुविधेचा दोष वेगळा, चाचणीचा वेगळा. त्यानुसार रोजच्या अहवालात लाल आणि तपकिरी असे दोन रंग केले. तपकिरी महाविद्यालयाने बघायचा, लाल बोर्डाच्या मालकाने. कुणी बघायचं हे रंगावरूनच ठरायला लागल्यावर सकाळचा संदेशही बदलला: ‘दादा, आज एक लाल आहे, तुमचा आहे.’

निर्णयाची दुसरी जागा: बाहेर कधी कळवायचं?

एका स्थिर आवृत्तीच्या तपासणीच्या ४८ तासांत एका बीगलबोन ब्लॅकवर ईथरनेट आलं नाही. सलग दोनदा. स्वतंत्र अभियंत्यांपैकी एकाने ईमेल लिहून तयार ठेवली. दुसऱ्याने अडवली आणि तोच बोर्ड आधीच्या, चालणाऱ्या कर्नलवर २० वेळा उठवायला लावला. त्यातही एकदा ईथरनेट आलं नाही.

बीगलबोन ब्लॅकवरच्या लॅन८७१० फाय चिपचा हा जुना दुखरा भाग आहे. रीसेटच्या क्षणी ती आपला पत्ता पिनांवरून वाचते. वेळ चुकली की ठरलेल्या पत्त्याऐवजी दुसऱ्याच पत्त्यावर जाऊन बसते आणि ड्रायव्हर तिला शोधत राहतो. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर एमडीआयओची (फाय चिपशी बोलायच्या तारांवर कोण आहे याची) यादी मागितली की ती कुठे बसली आहे ते दिसतं. ही तपासणी हेल्थ चेकमध्ये घातली.

ईमेल गेली असती तर काय बिघडलं असतं? एकदा काहीच नाही. पण दोन-तीन वेळा लॅबचा दोष कर्नलच्या माथी मारला की त्या पत्त्यावरून आलेली चौथी, खरी तक्रारही कुणी गांभीर्याने वाचत नाही. तेव्हापासून नियम असा: दोष किमान दोन बोर्डांवर दिसला पाहिजे, त्यातला एक दुसऱ्या जागेतला हवा, आणि आधीचं कर्नल त्याच बोर्डावर २० बूट निर्दोष गेलं पाहिजे. ४८ तासांत हे बसतं. न बसलं तर ‘मोडलं’ असं कळवायचं नाही, गप्प राहायचं. ‘चाललं’ असं कळवतानाही कोणते बोर्ड, कोणत्या चाचण्या हे लिहायचं. नुसतं ‘ठीक’ पाठवण्यात अर्थ नाही.

दिवाळीची सुट्टी आणि अर्धा फिरवलेला निर्णय

‘दुसऱ्या जागेतला बोर्ड’ ही अट आली तेव्हा दुसरी जागाच नव्हती. ती दिवाळीत झाली. महाविद्यालयाला सुट्टी, खोलीला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा गावी. वर्करवरचा एक यूएसबी हब अडकला. वर्कर दुरून रीस्टार्ट करूनही हब सुटेना, कारण त्याची वीज स्वतंत्र अॅडॉप्टरवरून होती. आठ बोर्ड नऊ दिवस आंधळे. नेमक्या त्याच दिवसांत गेटवे कंपनीला आवृत्ती द्यायची होती.

त्यानंतर गेटवेचे दोन्ही बोर्ड आणि एक बीगलबोन अंबडला हलवले, तिथे दुसरा वर्कर बसवला. एक कंट्रोलर बोर्ड आणि एक पाय ४ सातपूरला. बाकीचे नऊ महाविद्यालयातच. अंबडच्या शेडमध्ये शेजारीच ग्राइंडिंग चालतं. लोखंडाचा बारीक चुरा उघड्या बोर्डावर बसला की पिना जुळतात, म्हणून तिथले बोर्ड झाकण असलेल्या पेटीत फिल्टरच्या पंख्यासह ठेवले. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात पाय ८० अंशांवर गती उतरवायला लागतो, ही बाजू सातपूरला आधीच लक्षात घेऊन पाय खालच्या मजल्यावर ठेवला. हबचा अॅडॉप्टर तिन्ही ठिकाणी मोकळ्या राहिलेल्या रिले चॅनेलवर घेतला.

एक पानी करार याच वेळी झाला. बोर्ड मालकाचाच राहील आणि कधीही परत नेता येईल. जळाला तर ज्याचा त्याचा. कंपनीच्या गुप्त फर्मवेअरची कामं त्या कंपनीच्या गटापुरतीच दिसतील. लाव्हात प्रत्येक कामाला ही मर्यादा घालता येते. मुक्त कर्नलची कामं सगळ्यांना खुली. रांगेत स्थिर आवृत्तीच्या तपासणीला ते ४८ तास अग्रक्रम, बाकी वेळ समान. वकील कुणी बोलावला नाही.

आरएस-४८५चा दोष

लॅबने खरोखर पकडलेला मोठा दोष एकच, आणि त्यावर थोडं थांबायला हवं.

गेटवे मीटरशी मॉडबस आरटीयू या भाषेत बोलतो, ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट). एक अक्षर म्हणजे १० बिट, साधारण १.०४ मिलिसेकंद. गेटवेने विचारणा पाठवली की त्याने आपला ट्रान्समीटर लगेच सोडायला हवा, नाहीतर मीटरच्या उत्तराचा पहिला बाइट तिथेच आदळून जातो आणि सीआरसी (संदेश शाबूत आहे का ते सांगणारा ताळा) चुकतो. कंपनीच्या टेबलावर खरा मीटर जोडलेला होता, तो उत्तर द्यायला ३०-४० मिलिसेकंद घेतो. ट्रान्समीटर पाच मिलिसेकंद उशिरा सुटला तरी अशा मीटरवर काहीच दिसत नाही.

लॅबमध्ये मीटरच्या जागी नक्कल ठेवायची ठरली. पहिली नक्कल वर्करच्या यूएसबी-आरएस४८५ अॅडॉप्टरवर. ती निरुपयोगी ठरली, कारण एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा संगणकाला देण्याआधी थांबायचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो, त्याहून लवकर उत्तर जाणार कसं? टायमर १ वर आणला तरी लिनक्सच्या वेळापत्रकाचा भरवसा नाही. म्हणून एका साध्या मायक्रोकंट्रोलरवर नक्कल लिहिली, जिचा उत्तराचा उशीर ४ ते ५० मिलिसेकंद असा बदलता येतो. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध. प्रत्येक उशिराला १००० फ्रेम आणि चुकलेल्या सीआरसीची मोजणी. ४ मिलिसेकंद का? मॉडबस दोन फ्रेममध्ये साडेतीन अक्षरांची शांतता मागतं, म्हणजे इथे ३.६५ मिलिसेकंद, त्याहून लवकर कोणताच मीटर नियमाप्रमाणे बोलू शकत नाही.

६.६ची एक स्थिर आवृत्ती घेतल्यावर ४ मिलिसेकंदांवरची चाचणी लाल झाली, २० वरची हिरवीच. दोन गेटवे बोर्डांवर तेच. मधल्या सुमारे ७०० पॅचमधून गिट बायसेक्टने (यादी दर वेळी निम्मी करत दोषी पॅच शोधणारी सोय) शोध घेतला, १० पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीनदा चाचणी. एका फेरीवर विश्वास ठेवून बायसेक्ट केलं की ते हमखास चुकीच्या पॅचवर नेऊन सोडतं. शोध सिरियल ड्रायव्हरमधल्या एका बदलावर थांबला.

ईमेल लिहिण्याआधी शुद्ध, कंपनीचे पॅच न लावलेलं कर्नल चालवलं. ते हिरवं निघालं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने स्वतःच्या योक्टो लेयरमध्ये (कंपनीच्या खास बदलांचा थर) ट्रान्समीटर सोडण्याआधी थोडा विलंब घालणारा एक पॅच ठेवला होता. मूळ कर्नलमध्ये तीच गोष्ट आता नीट झाली होती, आणि विलंब दोनदा लागत होता. पॅच काढला, संपलं. तो त्याच वेळी वर, म्हणजे मूळ कर्नलच्या लोकांकडे, पाठवला असता तर कदाचित नाकारला गेला असता आणि योग्य मार्ग तेव्हाच कळला असता. आता कंपनीच्या लेयरमधल्या प्रत्येक पॅचवर ‘वर पाठवला / पाठवायचा / पाठवण्याजोगा नाही’ यातलं एक लिहिलेलं असतं. लाल आलेलं प्रत्येक काम आधी शुद्ध कर्नलवर चालतं, हेही तेव्हापासूनच.

निष्पत्ती

दोन्ही कंपन्या ६.६वर आहेत आणि स्थिर आवृत्त्या आठ-दहा दिवसांत घेतात. तपकिरी निकाल आठवड्याला दोन-तीन, लाल त्याहून कमी. स्थिर शाखेच्या बहुतेक तपासण्यांना दोन्ही चिपवरचा ‘तपासलं’ असा शेरा जातो. महाविद्यालयातल्या पोरांना लाव्हाचे साचे लिहिता येतात. लॅबचं सगळं कॉन्फिगरेशन गिटमध्ये आहे, पण ते तिथे उशिरा आलं: वर्कर बसवणारा विद्यार्थी मे महिन्यात पास होऊन पुण्याला गेला तेव्हा काही पासवर्ड आणि रिलेचा क्रम फक्त त्याच्या डोक्यात होता.

वेगळं काय करता आलं असतं

१४ बोर्डांनी सुरुवात करायलाच नको होती. एकाच जातीचे दोन बोर्ड, आणि ते १०० वेळा वीज घालवून-आणून निर्दोष उठेपर्यंत तिसरा जोडायचा नाही, असं केलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. लाव्हा बसवण्याआधी मल्टिमीटर घेऊन बसायला हवं होतं: भार चालू असताना बोर्डाच्या पिनवर किती, वीज तोडल्यावर रेल खरंच शून्यावर येते का. या दोन मापांत पहिल्या महिन्यातली निम्मी डोकेदुखी होती.

लाव्हातली हॅकिंग सेशनची, म्हणजे बोर्डावर थेट लॉगिन करून बसायची, सोय विद्यार्थ्यांना खुली ठेवणं हीसुद्धा चूक. एकेक जण बोर्ड चार-चार तास अडकवून ठेवायचा. आता महाविद्यालयातले तीन पाय लाव्हातून काढून लॅबग्रिडवर दिले आहेत. ज्याला बसून खेळायचं आहे त्याने तिथे आरक्षण करावं, लाव्हाची रांग माणसासाठी नाही. लाव्हाच्या बोर्डांची सिरियल सर२नेट या नेटवर्कवरून सिरियल देणाऱ्या प्रोग्रॅममधून एका वेळी एकालाच मिळते. कुणी तपासायला म्हणून जोडणी उघडी ठेवून जेवायला गेला की त्या बोर्डाचं काम मुकं होतं. तशा जोडणीला हुसकावून लावणारा पर्याय आता चालू आहे.

एक जागा मात्र अजून मोकळी आहे. कंट्रोलरमधला ४जी मोडेम. सिम, अँटेना आणि टॉवरची मर्जी यातलं काहीच खोलीत स्थिर राहत नाही, आणि मोडेमचा निकाल लाल आला तर तो कुणाच्या रंगात धरायचा हे ठरलेलं नाही. तोवर ती चाचणी मोहाडीजवळच्या एका बागेत, आवृत्तीमागे एकदा, माणूस पाठवूनच होते.